केमोला सुट्टी मिळाली, पण दिवस कुठे जातात?

प्रश्न: मी ५४ वर्षांची आहे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरमध्ये पसरलेला. सहा महिने केमो झाली, त्यात ऑक्सॅलिप्लॅटिन होतं. स्कॅनमध्ये गाठी आकसलेल्या दिसल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता तीन महिने सुट्टी घ्या, दहाव्या आठवड्यात पुन्हा स्कॅन करू. केमोची शेवटची सायकल (फेरी) होऊन तीन आठवडे झाले. छातीत पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) अजून आहे. पावलांचा बधिरपणा कमी व्हायचा सोडून वाढतोय. यजमानांनी नऊ दिवसांत चार ठिकाणं अशी सहल ठरवली आहे. मुलगा मला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देत नाही. मला खरं म्हणजे सकाळी फिरून यायचंय, वाचायचंय, झाडांचं बघायचंय, स्वतःच्या हातचं खायचंय. यातलं एकही धड होत नाही आणि दिवस मात्र संपतो. रात्री वाटतं, औषध बंद म्हणजे आजाराला मोकळं रान. सगळे म्हणतात, मजा कर. ती कशी करायची?

उत्तर:

ताई, तुम्हाला काय हवंय ते तुमच्या पत्रातच आहे: फिरणं, वाचन, झाडं, स्वतःच्या हातचं जेवण. सहल त्यात नाही. या चार गोष्टी रोज, निदान दिवसाआड, घडल्या तर सुट्टी सार्थकी लागली असं आम्ही म्हणू. ‘आयुष्यात एकदा तरी’ छापाच्या याद्या या काळात फार माणसं पुढे करतात. त्या बहुतेकदा इतरांच्या असतात.

पण आधी पावलं, कारण त्यावरच तुमचं फिरणं अवलंबून आहे.

ऑक्सॅलिप्लॅटिन बंद झाल्यावरही बधिरपणा दोन-तीन महिने, काहींना सहा महिन्यांपर्यंत, वाढत जातो आणि मग हळूहळू उतरायला लागतो. औषध मज्जातंतूंच्या पेशींमध्ये साठून राहतं, म्हणून सलाईन थांबली तरी त्याचा परिणाम लगेच थांबत नाही. हे ठाऊक नसलं की माणूस घाबरतो, आजार वाढला असं समजतो. तसं नाही. थंड वस्तूला हात लावल्यावर येणाऱ्या झिणझिण्या मात्र बहुधा लवकर जातात. तरी डॉक्टरांना सांगा, कारण मुंग्यांबरोबर दुखत असेल तर ड्युलोक्सेटीन नावाचं औषध काहींना उपयोगी पडतं. नुसत्या बधिरपणावर खात्रीचं औषध नाही. ‘नसांसाठी’ म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. बी६ मोठ्या मात्रेत बराच काळ घेतलं तर त्यानेच बधिरपणा येतो, आणि असेटिल-एल-कार्निटिनने केमोचा बधिरपणा वाढल्याचं चाचणीत दिसलं आहे.

तोवर पावलांची काळजी डोळ्यांनी घ्यायची, कारण पावलं स्वतः सांगणार नाहीत. घरातही अनवाणी फिरू नका. टाच बंद असलेली, न घसरणाऱ्या तळाची पादत्राणं घाला. अंगठ्याच्या पट्ट्यावर चालणारी चप्पल पायातून कधी सुटली ते कळत नाही. रोज रात्री तळपाय आणि बोटांमधली जागा बघा, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. अंघोळीचं पाणी पायाने नव्हे, कोपराने तपासा. रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा असू द्या. गाडी चालवत असाल तर पॅडलचा दाब पायाला नीट कळतोय याची खात्री होईपर्यंत थांबा.

आता मोकळ्या रानाबद्दल. डॉक्टर सुट्टी देतात ती उपचार सोडून नव्हे, उपचाराचाच भाग म्हणून. फ्रान्समधल्या ‘ऑप्टिमॉक्स-१’ या चाचणीत (२००६) ऑक्सॅलिप्लॅटिन सहा सायकलींनंतर थांबवून बाकीची केमो चालू ठेवली आणि ते नंतर पुन्हा आणलं. आजारावर ताबा तितकाच राहिला. ब्रिटनमधल्या ‘कॉइन’ चाचणीत (२०११) तर काही रुग्णांना पूर्ण सुट्टीच दिली होती. दुष्परिणाम कमी झाले. आयुर्मानात सरासरीने फरक थोडा होता, पण ‘काहीच फरक नाही’ असं ती चाचणी ठामपणे सिद्ध करू शकली नाही. ज्यांच्या प्लेटलेट्स सुरुवातीलाच खूप वाढलेल्या होत्या त्यांना सुट्टी मानवली नाही. म्हणून सुट्टी सरसकट देत नाहीत, माणूस बघून देतात. तुमच्या बाबतीत ती का दिली, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. सोबत आणखी तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: सुट्टी कोणत्या कारणाने मोडायची, कोणती लक्षणं दिसली तर स्कॅनची वाट न बघता फोन करायचा, आणि रात्री किंवा रविवारी-सणावारी तो कोणत्या नंबरवर करायचा. हा कागद फ्रिजवर लावून ठेवलात की रात्री मनातल्या मनात तीच उजळणी करत बसावं लागत नाही.

तरीही चिंता येईलच. दर दोन-तीन आठवड्यांनी कुणीतरी रक्त तपासत होतं, नाडी बघत होतं, ते एकदम थांबलं. उपचार चालू असताना धीराने राहिलेली माणसं सुट्टीत ढासळतात ती यामुळेच. चिंतेला संध्याकाळची वीस मिनिटं नेमून द्या, झोपायच्या बरीच आधी. वही घेऊन बसायचं, जे वाटतंय ते लिहायचं, ज्यावर काही करता येईल त्यापुढे ‘कुणाला विचारायचं’ ते नोंदवायचं आणि वही मिटायची. रात्री तोच विचार आला तर ‘उद्या सहा वाजता’ असं स्वतःला सांगायचं. पहिले चार-पाच दिवस हे हास्यास्पद वाटेल. करत राहा. सलग दोन आठवडे मन उदास राहिलं, किंवा आवडत्या गोष्टींतही काहीच रस वाटेनासा झाला, तर मात्र वहीवर भागवू नका, डॉक्टरांना सांगा. नैराश्यावर उपचार आहेत आणि ते कॅन्सरच्या उपचारांबरोबर चालतात.

तीन महिने सारखे नसतात. केमोनंतर पांढऱ्या पेशी साधारण ७ ते १४ दिवसांत तळाला जातात आणि तीन-चार आठवड्यांत वर येतात. म्हणजे तुमचं शरीर आत्ताच कुठे डागडुजी संपवतंय. चौथ्या आठवड्यापासून नवव्यापर्यंतचा काळ बहुतेकांना सर्वांत चांगला जातो. दहाव्यात स्कॅन आहे, आणि त्याच्या आधीचे काही दिवस मन थाऱ्यावर नसणार हे धरूनच चाला. आजवर काही झालं नाही म्हणून ‘तीन आठवडे वाया गेले’ असा हिशेब मांडू नका, ते तसेच जायचे होते.

या काळात हॉस्पिटलची कामंही असतात, आणि ती विखुरली की आठवडा खाऊन टाकतात. पोर्ट वापरात नसला तरी तो ठरावीक काळाने धुवावा लागतो, नाहीतर आत रक्त गोठून तुंबतो. बहुतेक ठिकाणी दर चार आठवड्यांनी, काही ठिकाणी सहा ते बारा आठवड्यांनी. तुमच्याकडचा नियम विचारा. सुट्टीत सर्वांत जास्त विसरलं जाणारं काम हेच. रक्ततपासणी, पोर्ट धुणं, दातांचा डॉक्टर हे जमेल तितकं एका दिवसात बसवा. दातांचं काम राहिलं असेल तर हीच वेळ, पण आधी काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) दाखवा, आणि दात काढायचा असेल तर पुढच्या केमोच्या आधी जखम भरायला निदान दोन आठवडे मिळतील असं बघा. तुमच्या केमोत बेव्हॅसिझुमॅब असेल किंवा हाडांसाठी झोलेड्रॉनिक अॅसिड, डेनोसुमॅब यापैकी काही चालू असेल तर ते दातांच्या डॉक्टरांना आधी सांगाच. पहिल्याने जखमा उशिरा भरतात, बाकी दोन्हींनी दात काढल्यावर जबड्याचं हाड बरं न होण्याचा धोका असतो. फ्लूची निष्क्रिय लस घ्यायची असेल तर तीही पुढच्या केमोच्या निदान दोन आठवडे आधी. जिवंत विषाणूंच्या लसी डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय नकोत.

आता दिवस कुठे जातो ते शोधू. केमोनंतरचा थकवा झोपून भरून निघत नाही, म्हणून ‘आज आराम करते, उद्या करेन’ हा हिशेब चुकतो. एक आठवडा दिवसातून तीनदा, सकाळी उठल्यावर तासाभराने, जेवणानंतर आणि संध्याकाळी, अंगात किती बळ आहे ते शून्य ते दहा आकड्यांत लिहा, आणि त्याआधी काय केलं तेही. आठवड्याच्या शेवटी दोन गोष्टी दिसतील: तुमचे चांगले दोन तास कोणते, आणि कोणत्या कामानंतर आकडा कोसळतो. हे अंदाजाने कळत नाही. पुष्कळांचे चांगले तास सकाळी दहा ते बाराच्या आसपास निघतात आणि नेमके तेच अंघोळ, आवराआवर, फोन यांत जातात. अंघोळ उभ्याने, गरम पाण्याने करणं हे दमवणारं काम आहे. ती बसून करा, किंवा सरळ रात्री करा. फोन दुपारी. मग चांगल्या तासांत तुमच्या चारपैकी एक गोष्ट बसवा. एकच. दुसरी जमली तर जमली.

चूक होते ती चांगल्या दिवशी. बरं वाटलं म्हणून माणूस कपाट आवरायला घेतो, पाहुण्यांना बोलावतो, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. असं झालं की त्या दिवशी जेवढं केलं त्याच्या निम्मं ही तुमची सध्याची मर्यादा समजा आणि तिथून वाढवा. आणि थांबायचं ते दमल्यावर नव्हे, अजून थोडं करता आलं असतं असं वाटत असताना. विश्रांती कामाच्या आधी घेतली तर पंधरा-वीस मिनिटं पुरते. नंतर घेतली तर तास लागतात. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी. सकाळी उठायची वेळ ठरलेली ठेवा, रात्र वाईट गेली असली तरी. अंथरुणात वीस मिनिटं टक्क जाग असेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, पेंग आली की परत या.

फिरण्याने थकवा वाढेल असं वाटतं, पण थकव्यावर जेवढे उपाय तपासले गेले त्यांत व्यायामाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. २०१९ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने दिलेला सल्ला असा: आठवड्यातून तीनदा तीस मिनिटं मध्यम चालीने चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा स्नायूंची ताकद वाढवणारा. पण तिथून सुरुवात करू नका. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, सपाट आणि ओळखीच्या रस्त्यावर. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही इतकी चाल योग्य. दुसऱ्या दिवशी आकडा पडला नसेल तर दर तीन-चार दिवसांनी दोन मिनिटं वाढवा. ताकदीसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आठ ते दहा वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून पुन्हा तेवढंच. ओट्याला धरून टाचा उचलणं. भिंतीवर हात टेकून ढकलणं. पाय बधिर आहेत म्हणून आधार हाताशी हवाच. छातीत दुखलं, चक्कर आली, किंवा हिमोग्लोबिन फार खाली असेल तर थांबा आणि विचारा. (हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या हाडांत आजार असेल तर वाकणं, पिळणं, वजन उचलणं हे डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय करू नये.) बाहेर पडताना उन्हापासून त्वचा झाका किंवा एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन लावा, तुमच्या केमोत ऑक्सॅलिप्लॅटिनबरोबर फाइव्ह-एफयू किंवा कॅपेसिटाबिन असणार, आणि त्यांनी त्वचा उन्हाला हळवी होते.

स्वयंपाकघर. मुलाला वाटतं तो तुमचे कष्ट वाचवतोय. त्याला काम वाटून द्या, नाहीतर तो सगळंच घेईल. चिरणं, उचलणं, गरम भांडी उतरवणं, धुणं त्याचं. काय करायचं ते ठरवणं, चव बघणं, शेवटी मीठ-मसाला घालणं तुमचं. बोटंही बधिर असतील तर सुरीचं काम तसंही नको. ओट्याच्या उंचीचं स्टूल ठेवा, उभं राहण्यातच निम्मी ताकद जाते. भाजणार नाही असे जाड हातमोजे जवळ ठेवा. आणि एका वेळी एकच पदार्थ. पूर्ण जेवण बनवायचा हट्ट केलात तर जेवायची वेळ येईपर्यंत भूक मेलेली असेल.

चवीचं म्हणाल तर ती केमो थांबल्यावर काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी परत येते, पण सगळी एकदम नाही. आज नको वाटलेला पदार्थ दोन आठवड्यांनी पुन्हा चाखून बघा. तोंडात धातूची चव येत असेल तर धातूचा चमचा सोडून लाकडी किंवा प्लॅस्टिकचा घ्या, अन्न कोमट किंवा गार खा, तोंड आलेलं नसेल तर थोडा आंबटपणा वाढवा. जेवणाआधी गुळणी करा: एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा, रोज ताजं. गमावलेलं वजन आणि स्नायू भरून काढायला हाच काळ आहे. प्रथिनं वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम लागतात. ६० किलोच्या व्यक्तीला ६० ते ९० ग्रॅम. ती एकाच जेवणात ढकलू नका, तिन्ही वेळी वीस-पंचवीस ग्रॅम येतील असं बघा, उरलेली मधल्या खाण्यात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून घ्या. आठवड्यातून एकदाच, त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन करा. सुट्टीत ते सतत उतरत राहिलं तर स्कॅनच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही.

या काळात कुणीतरी शरीर ‘शुद्ध’ करणारा काढा, रस किंवा गोळ्या आणून देईलच. आमचं मत स्पष्ट आहे: नको. औषध शरीरातून बाहेर टाकायचं काम लिव्हर आणि किडनी करतात, आणि तुमच्या लिव्हरवर आधीच भार आहे. काही वनस्पतींनी लिव्हरला इजा होते, काही रक्त पातळ करतात, काही पुढच्या केमोत अडथळा आणतात. आणि स्कॅनच्या वेळी लिव्हरच्या तपासण्या बिघडलेल्या आल्या तर आजाराने की काढ्याने, हे कुणालाच सांगता येणार नाही.

वाचनाचं काय होतंय ते तुम्ही लिहिलं नाही, पण अंदाज करता येतो: पान उलटतं आणि आधीचं आठवत नाही. केमोनंतर लक्ष आणि स्मरण काही महिने असं राहतं. पंधरा मिनिटं वाचायचं, पान संपलं की एका ओळीत काय झालं ते मनात म्हणायचं, आणि थांबायचं. छोटे लेख, कथा आधी, कादंबरी नंतर. डोळे शिणत असतील तर ऐकायची पुस्तकं. पूर्वी वाचलेलं आवडतं पुस्तक पुन्हा वाचणं फार सोपं जातं, त्यात कमीपणा नाही.

झाडांना हात लावायला हरकत नाही, पण हातमोजे घालून. आणि वाळका पालापाचोळा किंवा कुजलेलं खत उकरू नका. त्यातून बुरशीचे कण उडतात आणि काउंट कमी असताना ते फुफ्फुसात गेलेले परवडत नाहीत. पाणी घालायला पाच लिटरची झारी एकदा उचलण्यापेक्षा एक लिटरची पाचदा बरी. काटा रुतला तरी बधिर बोटांना कळणार नाही, म्हणून नंतर हात धुऊन नीट बघा.

आता सहल. यजमानांचं मन मोडू नका, आराखडा मोडा. नऊ दिवसांत चार ठिकाणं म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी सामान बांधणं, आणि दमवतं ते नेमकं हेच. त्याऐवजी एकच ठिकाण, चार दिवस, सहाव्या ते आठव्या आठवड्यात, परतल्यावर तीन दिवस मोकळे. जवळ मोठं हॉस्पिटल असावं. रद्द केल्यावर पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा, आणि प्रवास विमा काढताना आजार लपवू नका, लपवलात तर दावा नाकारला जाऊ शकतो. औषधं मूळ वेष्टनात, हातातल्या पिशवीत, लागतील त्यापेक्षा चार-पाच दिवसांची जास्त. मॉर्फिनसारखी वेदनाशामकं परदेशात नेताना त्या देशाचे नियम आधी बघावे लागतात. निदान, झालेली केमो, शेवटची तारीख, पोर्ट आणि चालू औषधं एवढं एका पानावर डॉक्टरांकडून लिहून घ्या. कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढलेला असतो, म्हणून चार तासांहून लांबच्या प्रवासात दर तासा-दीड तासाने उठा, बसल्या जागी पावलं वर-खाली करा, पाणी पीत राहा, आणि रक्त पातळ करणारं इंजेक्शन हवं का ते निघण्याआधी विचारा. एकच पाय सुजला, पोटरी दुखली किंवा अचानक धाप लागली तर सहल तिथेच थांबते.

भेटायला येणाऱ्यांनाही मर्यादा हवी. दार उघडतानाच यजमानांनी सांगावं, ‘अर्धा तास बसू, मग तिला पडायचं असतं.’ तुम्ही हे सांगू नये, तुम्हाला ते जमणार नाही. सर्दी-खोकला असलेल्यांनी फोनवर बोलावं. तब्येतीची बातमी सगळ्यांना कळवायचं काम घरातल्या एकाने घ्यावं, म्हणजे तेच आठ जणांना आठदा सांगण्यात तुमची दुपार जाणार नाही. आणि ‘मजा करतेस ना’ याला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही.

तुम्ही विचारलं नाही, पण पती-पत्नीतल्या जवळिकीबद्दलही दोन वाक्यं. काउंट आणि प्लेटलेट्स ठीक असतील तर संबंधांना मनाई नसते. केमोने कोरडेपणा येतो, त्यासाठी पाण्यावर आधारित ल्युब्रिकंट भरपूर वापरा, आणि दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. पाळी बंद झाली असं वाटलं तरी ती केमोमुळे तात्पुरती थांबलेली असू शकते, म्हणून गर्भनिरोधन किती महिने चालू ठेवायचं ते तुमच्या औषधांच्या हिशेबाने डॉक्टरच सांगतील.

काही गोष्टींत सुट्टी नसते. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा वर गेला की लगेच फोन. पॅरासिटामॉल आधी घेतली तर ताप झाकला जातो, म्हणून आधी मोजायचं. पोर्ट धुतल्यानंतर काही तासांत थंडी वाजून हुडहुडी भरली तर ताप असो-नसो, त्याच वेळी हॉस्पिटल गाठायचं. पोर्टमध्ये जंतुसंसर्ग असण्याची ती खूण आहे. पोट फुगून उलट्या होतायत आणि वारा-शौच दोन्ही बंद, डोळे पिवळे, शौचातून रक्त: यातल्या कशालाही सकाळपर्यंत थांबायचं नाही. चालू असलेल्या इतर गोळ्या, विशेषतः स्टेरॉइड, सुट्टी आहे म्हणून मनाने बंद करू नका. रक्तदाबाची गोळी केमो चालू असताना सुरू झाली असेल तर तिचा डोस मात्र विचारा. बेव्हॅसिझुमॅबसारख्या औषधांनी रक्तदाब वाढतो, ते थांबलं की उतरतो, आणि मग जुन्याच डोसने उठताना चक्कर येते.

स्कॅनच्या आठवड्यासाठी एवढंच आधी ठरवा की अहवाल तुम्हाला कसा कळणार. फोनवर आपोआप येत असेल तर तो एकटीने, रात्री अकरा वाजता उघडायचा की डॉक्टरांसमोर, हे आजच ठरवा. भेटीला दुसरं माणूस न्या, त्याने लिहून घ्यावं. सीईए (रक्ततपासणीत बघतात तो कॅन्सरचा एक निर्देशक) एकदा थोडा वर गेला म्हणून सुट्टी संपली असं नसतं. डॉक्टर सलग आकडे आणि स्कॅन एकत्र बघतात. अहवाल चांगला आला तर सुट्टी वाढूही शकते, म्हणून अकराव्या आठवड्यानंतरची कामं पेन्सिलीने लिहा.

केमो पुन्हा सुरू करायचं ठरलं तर ‘पाय कसे आहेत’ याला ‘ठीक आहेत’ असं उत्तर देऊ नका. शर्टाचं बटण लावता येतं का, नाणं जमिनीवरून उचलता येतं का, डोळे मिटून उभं राहिल्यावर तोल जातो का, रस्त्यावर किती मिनिटं चालता येतं, हे सांगा. ऑक्सॅलिप्लॅटिन पुन्हा द्यायचं की नाही, आणि द्यायचं तर किती, हे डॉक्टर बऱ्याच अंशी या उत्तरांवर ठरवतात.